इंग्रजी वाङ्मयेतिहासातील ‘मध्ययुग’ आणि तुळजापूरची वाट

इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास मराठी विद्यार्थ्याच्या हाती पडतो तो कालखंडांच्या एका ठरून गेलेल्या साखळीच्या रूपाने. चॉसर, एलिझाबेथकालीन नाटक, मिल्टन, अठराव्या शतकातील गद्य, रोमँटिक काव्य, व्हिक्टोरियन कादंबरी, आधुनिकतावाद आणि शेवटी युद्धोत्तर कादंबरी अशी ही साखळी आहे. ती कोणी घडवली, तिच्यातील ‘मध्ययुग’ या पहिल्या कडीचा अर्थ ती वाचणाऱ्याच्या स्थानानुसार बदलतो काय, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या कक्षेत सहसा येत नाहीत. धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या तालुक्याच्या गावी बसून ही साखळी वाचली जाते तेव्हा मात्र हे प्रश्न टाळणे अवघड होते. वाशीजवळून जाणारा सोलापूर–धुळे रस्ता दक्षिणेकडे तुळजापूरला पोहोचतो. या तुळजापूरवर एका इंग्रज कादंबरीकाराने १८६३ मध्ये एक विस्तृत ऐतिहासिक कादंबरी लिहिली आणि ती लिहिण्यापूर्वी काही वर्षे त्याने या जिल्ह्याचा कारभार पाहिला होता. आश्विनात देवीच्या दर्शनाला पायी निघालेल्यांचे जथे ज्या मुलुखातून अजून जातात, त्याच मुलुखातील विद्यार्थी वर्गात एका तीर्थयात्रेच्या काव्यापासून इंग्रजी वाङ्मयाचा आरंभ शिकतात. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ रचले. सदर्कमधील एका सरायीत जमलेले निरनिराळ्या थरांतील यात्रेकरू, त्यांची कँटरबरीतील संत टॉमस बेकेटच्या समाधीकडे निघालेली यात्रा आणि वाटेत त्यांनी सांगितलेल्या कथा अशी या काव्याची मांडणी. सरदार, जोगीण, गिरणीवाला, नांगरकरी, खानसामा, कारकून यांना एका वाटेवर आणणारे दुसरे कोणतेही निमित्त त्या समाजात कवीला सहजासहजी सापडले नसते. पण १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने बेकेटची समाधी उद्ध्वस्त करण्यात आली. मठ मोडले, यात्रा थांबल्या. त्यानंतरच्या इंग्रज वाचकाच्या दृष्टीने चॉसरची वाट ही केवळ पुस्तकातील वाट झाली. आजचा इंग्रज विद्यार्थी नवसाची बिल्ले, क्षमापत्रे, यात्रेतील सोय-गैरसोय आणि थट्टामस्करी टीपांच्या आधाराने समजून घेतो, यात त्याचा दोष नाही. ज्या श्रद्धाव्यवहारातून ते काव्य उगवले तो व्यवहारच त्याच्या देशात तुटला आहे.

तुळजापूरचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. विजापूरचा सरदार अफझलखान याने देवीच्या मूर्तीचा भंग केल्याची हकीकत सभासदाच्या बखरीत (१६९७) येते. तिचा ऐतिहासिक तपशील कसाही लावला तरी एवढे निश्चित की त्या आघातानंतर यात्रा बंद पडली नाही. गोंधळी, आराधी, पोत, परडी, नवरात्र आणि कोजागरीची गर्दी हे सर्व चालू राहिले. याच जिल्ह्यातील तेर येथे गोरोबाकाकांची समाधी आहे. परंपरा तिचा काळ १३१७ हा मानते, म्हणजे चॉसरच्या जन्मापूर्वी पाव शतक. चॉसरचा समकालीन लँगलंड याने ‘पीअर्स प्लाउमन’मध्ये एका नांगरकऱ्याला सत्याच्या वाटेचा मार्गदर्शक केले, ही गोष्ट इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासकारांना मोठ्या नवलाची वाटत आली. कुंभार, माळी, शिंपी, चोखामेळा यांच्या अभंगांवर ज्याचा कान तयार झाला आहे त्याला त्यात नवल वाटत नाही. त्याला वेगळा प्रश्न पडतो: लँगलंडचा नांगरकरी रूपकातच का राहिला, त्याच्या नावाने गाणारी परंपरा का निर्माण झाली नाही? हा प्रश्न इंग्रजी मध्ययुगाबद्दलचाच आहे, आणि तो तेरच्या बाजूने पाहिल्याखेरीज नीट मांडता येत नाही.

असे असताना एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांनी हा संबंध का जोडला नाही? याचे एक कारण इंग्रजी वाङ्मय त्यांच्यापर्यंत ज्या क्रमाने आले त्यात आहे. हरि केशवजींनी १८४१ मध्ये बन्यनचे ‘यात्रिकक्रमण’ मराठीत आणले ते मिशनच्या प्रेरणेने. कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी डॉ. जॉन्सनचा ‘रासेलस’ आणला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘अथेल्लो’ १८६७ चा, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे. शेक्सपिअर, जॉन्सन, मेकॉले, मिल ही त्या पिढीची दैवते. काव्याच्या बाजूने पाहिले तर केशवसुतांच्या पिढीच्या हाती पालग्रेव्हची ‘गोल्डन ट्रेझरी’ होती. १८६१ चा हा संग्रह सोळाव्या शतकापासून सुरू होतो. चॉसरला त्यात जागा नाही. सुनीत आले, भावगीत आले. प्रवासकाव्य, कथाकाव्य, रूपककाव्य यांचे इंग्रजी मध्ययुगीन नमुने आलेच नाहीत. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्या सुशिक्षितांनी इंग्रजी वाङ्मयाचे आदर्श स्वीकारले, त्यांना आपली संतपरंपरा ‘जुनी कविता’ म्हणून मागे टाकायची होती किंवा फार तर राष्ट्राचा ठेवा म्हणून जपायची होती. जे मागे टाकायचे त्याच्याशी इंग्रजीतील प्रारंभीच्या काव्याचे नाते शोधणे त्यांच्या प्रयोजनात बसत नव्हते.

बालाघाटच्या पठारावरील मराठी वाचकाची स्थिती आणखी निराळी होती. मुंबई विद्यापीठाची (१८५७) सावली या मुलुखावर पडली नाही. हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठवाडा विद्यापीठ येण्यास १९५८ साल उजाडले. पुण्यामुंबईत शेक्सपिअरची रूपांतरे रंगभूमीवर गाजत होती तेव्हा येथे कीर्तन, गोंधळ आणि भारूड हेच सार्वजनिक वाङ्मय होते. हा मागासलेपणा म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तो तसा होताही. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक विचित्र परिणाम घडला. इंग्रजी वाङ्मयाची व्हिक्टोरियन आवृत्ती येथे उशिरा आली, आणि एक व्हिक्टोरियन कादंबरीकार प्रत्यक्ष देहाने येथे आधीच येऊन गेला होता.

फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हा लिव्हरपूलमध्ये जन्मलेला माणूस पंधराव्या वर्षी मुंबईला आला तो एका व्यापारी पेढीत नोकरी करण्यासाठी. पेढीचे जमले नाही. तो निजामाच्या सेवेत शिरला आणि जवळजवळ सारे आयुष्य दख्खनमध्ये राहिला. १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने त्याला इंग्लंडात एकदम नाव मिळवून दिले. १८४० मध्ये ‘टिपू सुलतान’ आली. त्यानंतर दोन तपांहून थोडा कमी काळ त्याने कादंबरी लिहिली नाही. या काळातील बरीचशी वर्षे सुरपूर संस्थानाच्या कारभारात गेली. १८५३ च्या तहान्वये निजामाने हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग हे मुलूख कंपनीकडे दिले, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. आजच्या धाराशिव जिल्ह्याची पूर्वपीठिका हीच. बोरी नदीच्या काठच्या नळदुर्ग किल्ल्यात त्याचा मुक्काम असे. १८५७ मध्ये त्याची वऱ्हाडात रवानगी झाली; १८६० मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला आणि त्याच वर्षी नळदुर्ग निजामाला परत मिळाला. इंग्रजांचा या जिल्ह्यावरील प्रत्यक्ष अंमल म्हणजे ही सातच वर्षे. स्वदेशी परतल्यावर टेलरने ‘तारा’ लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे.

‘तारा’चा पूर्वज वॉल्टर स्कॉट होय, हे कोणीही सांगेल. पण स्कॉटने इंग्रजी कादंबरीत नेमके काय आणले हे येथे नीट पाहिले पाहिजे. ‘वेव्हर्ली’ (१८१४) लिहिण्यापूर्वी स्कॉट सरहद्दीवरील पोवाडे गोळा करीत होता; त्याचा संग्रह १८०२–०३ चा आहे. मध्ययुगीन पद्यकथा, रोमान्स आणि पोवाडा यांचे द्रव्य त्याने गद्यात ओतले. इंग्रजी मध्ययुगीन पद्य व्हिक्टोरियन वाचकापर्यंत पोहोचले ते मुख्यतः कादंबरीचा वेष घेऊन. स्कॉटचे आणखी एक वैशिष्ट्य असे की त्याने भूतकाळाला एक भौगोलिक ठिकाण दिले. जे लंडनमध्ये संपले ते डोंगराळ स्कॉटलंडमध्ये अजून जिवंत आहे, अशी त्याच्या कादंबऱ्यांची मांडणी आहे. काळातले अंतर स्थळातल्या अंतरावर टाकले की वाचक प्रवास करून भूतकाळात जाऊ शकतो. टेलरने हीच युक्ती आणखी पुढे नेली. त्याच्या कादंबऱ्यांत इंग्लंडचे हरवलेले मध्ययुग दख्खनमध्ये नांदते: तेथे सरदार आहेत, किल्ले आहेत, देवीची यात्रा आहे, अंगात येणे आहे, सती आहे. तुळजापूर हे टेलरचे कँटरबरी आहे, फक्त त्याची समाधी कोणी फोडून टाकलेली नाही.

या दृष्टीने ‘कन्फेशन्स’ आणि ‘तारा’ शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरते. पहिल्या कादंबरीत भवानी ही ठगांची देवता आहे. तिच्या नावाने गळे आवळले जातात. इंग्रज वाचकाच्या मनात ‘भवानी’ या शब्दाशी भीतीची सांगड घालून देण्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. चोवीस वर्षांनी तीच देवता ‘तारा’त येते ती एका कुटुंबाची, एका गावाची देवी म्हणून. शास्त्र्याचे घर, त्याच्या दोन बायका, बालविधवा मुलगी, सकाळचे देवदर्शन, देवळाच्या पायऱ्या, या सर्वांत टेलरची नजर सवयीने वावरते. मधल्या काळात काय घडले? पोलिसाच्या कामाने दिसलेला देश आणि जमाबंदी, रस्ते व तलाव पाहताना दिसलेला देश यांत फरक पडला, असे उत्तर देता येईल. ते पुरेसे नाही, पण त्याहून समाधानकारक उत्तर टेलरचे आत्मचरित्रही (१८७७) देत नाही.

तरीही टेलरची नजर परक्याचीच आहे, आणि ती कुठे घसरते हे स्थानिक वाचकालाच पटकन कळते. तुळजापूरच्या देवीपुढील भक्तिणींना तो ‘मुरळी’ म्हणतो. मुरळी खंडोबाची, तुळजापूरला आराधी असतात. चूक लहान आहे. पण कादंबरीतील खलस्त्री गंगा हिला मुरळी करून कथानकाचा बराच भार टेलरने तिच्यावर टाकला असल्यामुळे ती चूक कथेच्या गाभ्याशी जाते. देवीच्या उपासनेतील स्त्रीचे स्थान त्याला भोगाच्या आणि कारस्थानाच्या चौकटीतच समजते. मोरो त्रिमल हा खलपुरुषही ठरीव साच्यातला. कादंबरी म्हणून ‘कन्फेशन्स’ची बांधणी ‘तारा’हून घट्ट आहे, हे मान्य केले पाहिजे. अमीर अलीच्या एकाच आवाजात जी भयंकर सुसंगती आहे ती ‘तारा’च्या अनेक धाग्यांच्या कथानकात नाही.

‘तारा’ ही तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतील पहिली. ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या पुढच्या दोन. १६५७, १७५७, १८५७ असे शंभर शंभर वर्षांचे टप्पे टेलरने धरले: मराठ्यांचा उदय, प्लासी, बंड. अफझलखानाचा वध १६५९ चा, पण शतकांची ही सममिती साधण्यासाठी तो १६५७ च्या खुणेखाली आणला गेला. ही सममिती निष्पाप नाही. तिच्यामुळे मराठ्यांचे राज्य हे मुसलमानी सत्तेचा शेवट आणि इंग्रजी सत्तेची पूर्वतयारी अशा दुव्याच्या भूमिकेत उभे राहते. टेलरची सहानुभूती मात्र या आराखड्यात पूर्णपणे बसत नाही. अफझलखानाचे घर, त्याचा मुलगा फाझिल, मुलगी झैना यांचे चित्रण तो जिव्हाळ्याने करतो. ग्रँट डफच्या इतिहासाच्या (१८२६) वाचकांना किंवा पुढच्या मराठी कादंबरीच्या वाचकांना ही सहानुभूती सारखीच अडचणीची वाटावी.

शेवटी सती जाण्यास निघालेल्या ताराला फाझिल वाचवतो आणि तिचा त्याच्याशी विवाह होतो. या शेवटाकडे रोमान्सची सुखान्त सांगता म्हणून पाहिले जाते. त्यापलीकडेही त्याला एक संदर्भ आहे. टेलर नळदुर्गला असतानाच १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. त्यातील यमुना विधवा झाल्यावर ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. दोन्ही कादंबऱ्यांत विधवेचा प्रश्न तिच्या समाजाबाहेर नेऊन सोडवला आहे, एकीकडे चर्चमध्ये, दुसरीकडे विजापुरी सरदाराच्या घरात. आपल्या समाजात राहून ती जगू शकेल अशी शक्यता दोन्ही लेखकांच्या कल्पनेला पेलली नाही.

येथे हरिभाऊ आपटे यांचा विचार क्रमप्राप्त आहे. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिलेली; त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०–९१) ही टेलरच्या ‘टिपू सुलतान’वर आधारलेली. मराठी ऐतिहासिक कादंबरीवरील स्कॉटच्या ऋणाची चर्चा वारंवार होते. नळदुर्गच्या या अधिकाऱ्याचे ऋण मात्र एका ओळीच्या उल्लेखावर संपते. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती सांगितल्या आणि ऐतिहासिक कादंबरीच्या तिसऱ्या प्रवृत्तीकडे कठोरपणे पाहिले. ही विभागणी अजूनही उपयोगी आहे. पण टेलरची ‘तारा’ तिच्या शेजारी ठेवली की पहिली आणि तिसरी प्रवृत्ती यांच्यातील भिंत पातळ होते. कारण तिच्यात विधवेचा प्रश्न आणि शिवकाल एकाच कथानकात आहेत. हरिभाऊंनी हे दोन धागे वेगळे केले. ज्या सुमारास ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली जात होती त्याच सुमारास ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो’ येऊ लागली. तिच्यातील यमूला बाहेर पडण्याची वाट नाही. तिचे केशवपन होते आणि ती मरते. पुढे ‘उष:काल’मध्ये शिवकाल आला तो आपल्या पूर्वजांचा काळ म्हणून. टेलरने जे मध्ययुग परदेशात शोधले होते, ते हरिभाऊंनी स्वतःच्या वंशाच्या खाती जमा केले. चौकट स्कॉटची व टेलरची राहिली, तिच्यातला ‘मी’ बदलला. मराठी ऐतिहासिक कादंबरीचे नंतरचे पुष्कळसे गुणदोष या बदलातून निघाले आहेत.

विसाव्या शतकातील ब्रिटिश कादंबरीचा हिंदुस्थानशी असलेला संबंध सुपरिचित आहे. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खासगी सचिव होता. एका मराठा दरबारातील गोकुळाष्टमीचा उत्सव ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या (१९२४) शेवटच्या भागात उतरला, आणि दख्खनी सरदारी तेथे पुन्हा एकदा इंग्रजी कादंबरीच्या कामी आली. फॅरेलच्या ‘द सीज ऑफ कृष्णपूर’ने (१९७३) १८५७ चा व्हिक्टोरियन आत्मविश्वास उपहासाने सोलून काढला, ‘सीता’नंतर शंभर वर्षांनी लिहिलेली ही कादंबरी टेलरच्या जगावरचे विडंबनच मानता येईल. इशिगुरोने ‘द बरीड जायंट’मध्ये (२०१५) आर्थरोत्तर ब्रिटनमध्ये जाऊन विस्मरणाचा प्रश्न मांडला. म्हणजे समकालीन ब्रिटिश कादंबरीही आता आपले मध्ययुग आपल्याच भूमीत शोधू लागली आहे. या साखळीत टेलर बहुधा कोठेच येत नाही. वासाहतिक कादंबरी म्हणून तो कधीमधी येतो. कादंबरीच्या इतिहासातील एक पायरी म्हणून येत नाही.

टेलरची भाषा हा या सर्व प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म पुरावा आहे. त्याची देशी पात्रे एकमेकांशी बोलताना ‘दाऊ’ हे जुने सर्वनाम वापरतात. एकोणिसाव्या शतकातील बोलीतून ते केव्हाच गेले होते. बायबल, प्रार्थना आणि काव्य यांतच उरले होते. मराठी किंवा दख्खनी संभाषणाला जुनेपणाचा रंग देण्यासाठी टेलरने ते घेतले. त्यामुळे तुळजापूरची बाई घरात बोलते ती जणू जुन्या करारातील भाषेत. पण चॉसरच्या काळी ‘दाऊ’ आणि ‘यी’ यांत जिवंत सामाजिक भेद होता. कँटरबरीच्या वाटेवरील सरायमालक हॅरी बेली मठप्रमुख जोगिणीला अदबीने ‘यी’ म्हणतो, खानसाम्याला आणि तिच्याबरोबरच्या गरीब पुरोहिताला ‘दाऊ’ म्हणतो. श्रेणी, सलगी, उपहास हे सर्व एका सर्वनामाच्या बदलाने सुचवले जाते. इंग्रज विद्यार्थ्याला हे व्याकरणाचा नियम म्हणून शिकावे लागते. मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांची निवड रोज, प्रत्येक वाक्यात करावी लागते. तिच्यातील चुकीला क्षमा नसते. वाशीच्या विद्यार्थ्याच्या कानाला चॉसरमधील ही हालचाल टीपेशिवाय ऐकू येऊ शकते, कोणी त्याचे तिकडे लक्ष वेधले तर.

आणि ‘तारा’ मराठीत आणायची झाली तर अनुवादकाला पहिल्याच घरगुती संभाषणात अडावे लागेल. टेलरने सर्वत्र सारखे वापरलेले ‘दाऊ’ तेथे फुटते: शास्त्री मुलीला ‘तू’ म्हणेल, मुलगी वडिलांना ‘तुम्ही’ म्हणेल, बायको नवऱ्याला ‘तुम्ही’ म्हणताना नाव घेणार नाही, दोन सवती एकमेकींना काय म्हणतील हे त्यांच्या वयावर आणि त्या दिवसाच्या भांडणावर ठरेल. देवीला मात्र सगळीच ‘तू’ म्हणतील.